काकूंचा जुना संगणक आणि ब्राउझरची भूक

इंदूरहून बैतूलच्या रस्त्याला लागले, की डबलचौकी, चापडा मागे टाकत दोन-अडीच तासांत कन्नौद येते. तिथे आमच्या काकू राहतात. काका गेले, मुलगा पुण्याला. सोबतीला २००९ साली घेतलेला संगणक. त्यावर लिनक्स मीच घालून दिले होते. सकाळचा चहा झाला, की काकू त्यावर पुण्या-मुंबईची मराठी वृत्तपत्रे वाचतात, पेन्शनचा हिशेब बघतात आणि रात्री मुलाशी बोलतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "अरे, हे यंत्र आता माझ्यासारखंच झालंय. एक पान उघडलं की दुसरं विसरतं." आणि मग जरा दबकत, "काल पडद्यावर लाल अक्षरांत आलं, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा. मी फोन हातात घेतलाही होता." माझ्या पोटात गोळा आला. ज्या संगणकावर पेन्शनचे खाते उघडते, त्यावर ही भोंदू जाहिरात! दुकानदाराने सरळ सांगितले होते, नवीन घ्या. मी म्हटले, थांबा, मी येतो.

विसरण्याचे कारण आधी सांगतो. पूर्वी सारा ब्राउझर एकाच प्रक्रियेत चाले. एक पान अडकले, की सगळेच अडकत. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला, तो प्रत्येक टॅबला वेगळी प्रक्रिया देत. फायरफॉक्सनेही २०१६ पासून तो मार्ग धरला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला 'स्पेक्टर' नावाचा दोष उघड झाला आणि एका संकेतस्थळाने दुसऱ्याचे काही चोरू नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणे भाग पडले. सुरक्षितता वाढली, पण प्रत्येक खोलीला मेमरी लागते. काकूंच्या यंत्रात ती २ जीबी आणि उघडे टॅब अकरा, कारण "मिटवलं तर परत सापडत नाही"! मेमरी संपली, की लिनक्स जास्तीचा भार हार्ड डिस्कवर टाकते. डिस्क मेमरीच्या मानाने फारच मंद, म्हणून सगळे यंत्र कण्हू लागते.

वाचकहो, कोण किती खातो हे घरबसल्या पाहता येते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', मग दोन टिंबांचे कोलन आणि जोडून 'प्रोसेसेस' असे टंकावे. टॅबांची आणि अ‍ॅड-ऑनची मेमरी तिथे समोर मांडलेली दिसते. काकूंकडे हवामानाचे आणि कूपनांचे अशी दोन अ‍ॅड-ऑन निघाली. कुणी घातली, कुणालाच ठाऊक नाही. जाहिरात अडवणारे मात्र एकही नव्हते. ते घालायचे मीच विसरलो होतो.

अ‍ॅड-ऑनची कहाणीही गमतीची आहे. एके काळी फायरफॉक्सचे अ‍ॅड-ऑन ब्राउझरच्या आतड्यापर्यंत हात घालू शकत. त्यातूनच मेमरी गळायची. २०११ मध्ये मोझिलाने 'मेमश्रिंक' नावाने गळती शोधण्याची मोहीम काढली आणि २०१२ च्या फायरफॉक्स १५ मध्ये अ‍ॅड-ऑनमुळे होणारी बरीचशी गळती थांबली. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची सारी अ‍ॅड-ऑन एका दिवसात बाद झाली. लोक फार हळहळले. मला विचाराल तर ते आवश्यकच होते. पण अ‍ॅड-ऑनवर मोझिलाची सही हवीच, या नियमाचा फटकाही बसला. ४ मे २०१९ ला, आपल्याकडे पहाट असताना, सही तपासणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन बंद पडली. जाहिरात अडवणारीसुद्धा!

क्रोमने वेगळी वाट धरली. 'मॅनिफेस्ट व्ही ३' या नव्या नियमांनुसार जाहिरात अडवणाऱ्याला येणारी प्रत्येक मागणी स्वतः तपासून रोखता येत नाही, आधी नियमांची यादी ब्राउझरच्या हाती द्यावी लागते. जुन्या धाटणीचे 'यूब्लॉक ओरिजिन' २०२५ मध्ये क्रोममधून गेले, त्याची 'लाइट' आवृत्ती राहिली. फायरफॉक्सने दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. जाहिराती अडवणे ही केवळ चैन नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींपासून जपण्यासाठी असे साधन वापरण्याचा सल्ला नागरिकांना दिला होता.

आता मुख्य अडचण. काकूंचे लिनक्स ३२ बिटचे होते. क्रोमने ३२ बिट लिनक्सला मार्च २०१६ मध्येच निरोप दिला होता. फायरफॉक्सचीही १४४ ही ऑक्टोबर २०२५ मधली आवृत्ती त्यासाठी शेवटची ठरली. फक्त १४० क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी सुरक्षा सुधारणा मिळतील, असे मोझिलाने जाहीर केले. म्हणजे दुकानदार खरे बोलत होता की काय?

टर्मिनल उघडून 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली. उत्तरात '३२ बिट, ६४ बिट' असे दोन्ही आले. प्रोसेसर कोअर टू ड्युओ, म्हणजे मुळातच ६४ बिटचा. इतकी वर्षे मीच त्याला अर्ध्या ताकदीवर चालवत होतो! (सुरुवातीच्या छोट्या नेटबुकमधल्या अ‍ॅटम एन २७० सारखा प्रोसेसर असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही.) फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर घेतली, हलक्या डेस्कटॉपचे ६४ बिट लिनक्स घातले. ६४ बिटला मेमरी थोडी जास्तच लागते, म्हणून इंदूरहून आणलेली २ जीबीची जुनी पट्टी बसवली आणि 'झेडरॅम' चालू केले. ते मेमरीतला मजकूर दाबून ठेवते, म्हणजे डिस्कवर जायची वेळ कमी येते. फायरफॉक्स मराठीतच ठेवला, त्यात यूब्लॉक ओरिजिन घातले. दुसरे एकही अ‍ॅड-ऑन नाही. अकरा टॅबांच्या वाचनखुणा करून दिल्या.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. चित्र अधूनमधून थबकत होते, तेवढे चालायचेच. काकूंनी त्याला पहिली बातमी दिली, "तो लाल अक्षरांचा मेला आज आला नाही." दुकानदाराला काय सांगायचे, यावर त्यांची अजून चर्चा चालू आहे.