पहाटे चारला दमा का उठतो?

नवी मुंबईत मध्यरात्रीनंतर कुणाला धाप लागली, की घरात पहिले नाव निघते ते एमआयडीसीचे. ‘आज पुन्हा गॅस सोडलेला दिसतोय.’ ही शंका निराधार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा पूर्वेच्या पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही वस्ती त्या पट्ट्याच्या व ठाणे खाडीच्या मधे वसलेली आहे. दिवसा वारा समुद्राकडून येतो. हिवाळ्यातल्या रात्री तो उलटतो आणि जमिनीवरून खाडीकडे, म्हणजे कारखान्यांकडून घरांकडे वाहू लागतो. त्यातच जमीन लवकर निवते, गार हवेचा थर खाली बसतो आणि धूर वर निघून न जाता जमिनीलगत कोंडतो. तळोज्याच्या बाजूला खारघर-कळंबोलीचे रहिवासी रात्रीच्या उग्र वासाबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. हे सगळे खरे धरूनही मला वाटते, की रात्रीच्या दम्याचे मूळ कारण खिडकीबाहेर शोधण्यात रुग्णाचे नुकसान होते. रात्री दम लागणे ही श्वासनलिकेतला दाह दिवसाही शमलेला नसल्याची खूण आहे आणि उपाय त्या दाहावर व्हायला हवा.

दमा रात्री बळावतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्वतः दमेकरी असलेले इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यांनी 1698 साली दम्यावर ग्रंथ लिहिला, त्यात पहिल्या झोपेनंतर येणाऱ्या झटक्याचे वर्णन आहे. तेव्हा ना रासायनिक कारखाने होते ना डिझेलचे ट्रक. ब्रिटनमध्ये 1988 साली प्रसिद्ध झालेल्या 7,729 रुग्णांच्या पाहणीत 74 टक्के जण आठवड्यातून किमान एकदा दम्यामुळे जागे होत होते. मात्र हा परिणाम झोपेचा, आडवे पडण्याचा, गादीतल्या धुळीचा की शरीराच्या आतल्या घड्याळाचा, याची उकल बराच काळ होत नव्हती. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाने ती केली. 17 दमेकऱ्यांना मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवण्यात आले. एका टप्प्यात त्यांना सलग 38 तास जागे आणि जवळजवळ एकाच स्थितीत बसवून ठेवले. दुसऱ्या टप्प्यात आठवडाभर त्यांचा ‘दिवस’ 28 तासांचा केला, म्हणजे झोपेची वेळ शरीराच्या घड्याळापासून सुटी झाली. झोप असो वा नसो, फुप्फुसांची क्षमता शरीराच्या घड्याळानुसार पहाटे चारच्या सुमारास सर्वांत खाली गेली. झोपेचा वाटा होताच, पण घड्याळाचा वेगळा आणि स्वतंत्र होता. शरीराच्या घड्याळात रात्र असताना या रुग्णांना पंपाची गरज दिवसाच्या चौपटीपर्यंत लागली.

असे का होते, याचे धागे बऱ्यापैकी हाती आले आहेत. दाह आवरणारे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास नीचांकाला असते, श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे ॲड्रिनॅलिन पहाटे घटते आणि नळ्या आकसवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो. निरोगी माणसातही श्वासनलिका पहाटे किंचित अरुंद होतात, पण त्याला ते जाणवत नाही. जिच्या आतल्या अस्तराला सूज आहे, स्नायू चिडलेले आहेत, त्या नळीला मात्र एवढा आकसही पेलत नाही. दाह जितका जास्त, तितकी पहाटेची घसरण खोल. म्हणून ‘जीना’ या जागतिक दमा मार्गदर्शक संस्थेच्या, दमा आटोक्यात आहे का हे तपासणाऱ्या चार प्रश्नांत ‘गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे रात्री जाग आली का?’ हा प्रश्न आहे. दिवसाच्या लक्षणांना आठवड्यातून दोनदापर्यंत मुभा आहे, रात्री जाग येण्याला एकदाचीही नाही. आपल्याकडे तर रुग्ण सकाळी अकराला दवाखान्यात जातो, तेव्हा छाती मोकळी असते, फुंकरीची तपासणीही नीट येते आणि ‘काही नाही, ॲलर्जीचा खोकला आहे’ एवढ्यावर भागते. घरच्या घरी पीक फ्लो मीटरमध्ये सकाळ-संध्याकाळ फुंकून दोन आठवडे आकडे लिहिले, तर खरे चित्र दिसते. प्रौढांमध्ये रोजचा चढउतार सरासरी 10 टक्क्यांहून जास्त असला, तर त्याला वैद्यकीय अर्थ आहे. मूल रात्री दोन-तीन वाजता ढास लागून उठून बसत असेल, तर पालकांनी ती वेळही डॉक्टरांना सांगावी. वेळ हाच निदानाचा मोठा दुवा असतो.

आता मोठा आक्षेप: ‘पंपाची सवय लागते, आणि त्यात स्टेरॉइड असते.’ या भीतीपायी बहुतेक घरांत उशाशी सालब्युटामॉलचा पंप असतो आणि रोजचे औषध नसते. सालब्युटामॉल आकसलेला स्नायू काही तासांसाठी सैल करते, सूज तशीच ठेवते. रुग्णाला बरे वाटते आणि दाह वाढत राहतो. 2019 पासून ‘जीना’ने प्रौढ व किशोरवयीनांना केवळ या औषधावर ठेवू नये, असे सांगितले आहे. श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड सौम्य दम्यात दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅमच्या घरात असते. झटका बळावल्यावर द्यावी लागणारी गोळी 40 मिलिग्रॅमची म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅमची. रोजचा थोडा डोस टाळणारा रुग्ण अखेरीस त्याच्या शंभरपट डोसाकडे ढकलला जातो. दुष्परिणाम शून्य आहेत असे नाही. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात लहानपणी हे औषध घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून पंपानंतर चूळ भरायची. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या 2019 च्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणारे 40 टक्क्यांहून अधिक मृत्यूही भारतात. हा फरक केवळ हवेचा असू शकत नाही. निदान न होण्याचा आणि रोजचे औषध टाळण्याचा त्यात मोठा हात आहे, असेच मी मानतो.

तर मग हवेचे काय? दाह आवरल्याने कारखान्याची जबाबदारी संपत नाही; रात्रीची मोजमापे तासागणिक रहिवाशांसमोर यायला हवीत, कारण चोवीस तासांच्या सरासरीत पहाटेचे दोन तास बुडून जातात. पण ती लढाई लांबणारी आहे आणि श्वास आजच्या रात्री घ्यायचा आहे. शिवाय बाहेरचा वास येतो म्हणून खिडक्या लावून, खाडीकाठच्या डासांसाठी आत कॉइल पेटवली, तर काय होते? 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण निघाल्याचे आढळले. मच्छरदाणी हाच इथे खरा उपाय. याउलट गादीची महागडी धूळरोधक आवरणे विकणाऱ्यांचा दावा तपासून घ्यावा: 1,122 प्रौढांवरच्या ब्रिटिश चाचणीत (2003) केवळ त्या आवरणांनी फायदा दिसला नाही. ऐरोली-महापेच्या रात्रपाळीतल्यांसाठी वेगळी सूचना आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदसंचात कायम रात्रपाळी करणाऱ्यांत मध्यम ते तीव्र दम्याची शक्यता 36 टक्क्यांनी जास्त आढळली. त्यांनी आपल्या पाळीची वेळ डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

आणि रात्री झटका आलाच, बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाचा आराम तासन्‌तास टिकण्याऐवजी थोड्याच वेळात ओसरत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला ताठ बसवून पंप स्पेसरमधून देत राहावे आणि तेव्हाच 108 ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे.