संकटापूर्वीची तालीम

वैद्यकातील बहुतेक विद्या रोग्याच्या उशाशी बसून, सावकाश आणि पुनःपुन्हा निरीक्षण करून आत्मसात करता येते. परंतु तातडीच्या उपचारांची विद्या अशी विलक्षण आहे की, तिची गरज पडते तेव्हा शिकावयास सवड नसते आणि सवड असते तेव्हा शिकण्याजोगा प्रसंग समोर नसतो. मधुमेहाचे व न्युमोनियाचे रुग्ण वॉर्डात नित्य भेटतात. मात्र तीव्र ॲलर्जीने घसा सुजून श्वास कोंडलेले मूल किंवा आकडी न थांबणारे तान्हे बाळ उमेदवारीच्या काळात क्वचितच निवासी डॉक्टरच्या वाट्याला येते, आणि आले तरी खाटेशी ज्येष्ठ डॉक्टर धावून जातात, उमेदवार मागे उभा राहून पाहतो. पुढे एखाद्या रात्रपाळीत तो एकटाच अशा बाळासमोर उभा ठाकतो तेव्हा त्याच्या अननुभवाची किंमत त्या बाळाला मोजावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा रिवाज वैद्यकाने फार काळ चालू दिला.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६० साली नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी ‘रेसुसी ॲन’ ही मानवाकृती पुतळी बाजारात आणली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ हा संगणकाच्या आज्ञेत वागणारा पुतळा तयार झाला. त्याची छाती श्वासाबरोबर हलत असे. पुढे स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी शस्त्रक्रियागृहाचा सबंध देखावा उभारून, संकटसमयी वैद्यकीय चमूने परस्परांशी कसे बोलावे व कामाची वाटणी कशी करावी, याचे शिक्षण सुरू केले. ही पद्धत गुणकारी ठरली. परंतु पुतळा, खोली, तंत्रज्ञ आणि शिक्षक यांचा एकाच वेळी बंदोबस्त करणे खर्चाचे होते, आणि पुतळ्याच्या अंगावर गांधी उठल्याचे किंवा त्याचा चेहरा सुजल्याचे दृश्य हुबेहूब दाखविणेही कठीण होते.

आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी, उपयोगी पडते ती नेमकी येथे. लॉस एंजेलिसच्याच चिल्ड्रन्स हॉस्पिटलने ‘ऑक्युलस’ या हेडसेट बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने २०१७ च्या सुमारास मुलांच्या दोन संकटांचे आभासी प्रसंग सिद्ध केले: एक न थांबणाऱ्या आकडीचा, दुसरा तीव्र ॲलर्जीचा. हेडसेट डोळ्यांवर चढविताच शिकाऊ डॉक्टर आपत्कालीन कक्षात उभा असतो. समोर बाळ झटके देत असते, परिचारिका त्याच्या हुकुमाची वाट पाहत असतात, आणि शेजारी भेदरलेल्या पालकाचा आकांत चाललेला असतो. अशा वेळी श्वासमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, रक्तातील साखर तपासणे, आकडी पाच मिनिटांपलीकडे गेली की वजनाच्या हिशेबाने औषधाची मात्रा ठरविणे, हा क्रम पुस्तकात वाचलेला असूनही गोंगाटात तो विस्कटतो. ॲलर्जीच्या प्रसंगी तर मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन विनाविलंब द्यावयाचे असताना, अनेकजण साध्या ॲलर्जीच्या औषधांवर विसंबून मोलाची मिनिटे दवडतात. अशी दिरंगाई आभासात घडली, तर ती ओळखून तोच प्रसंग पुन्हा अनुभवण्याची मुभा असते.

या शिक्षणाचा प्रत्यक्ष कामावर परिणाम होतो काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील चाचणीत १६ निवासी शल्यचिकित्सक सहभागी होते. ज्यांनी संगणकी पडद्यावरील आभासी साधनावर सराव केला होता, त्यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले, आणि त्यांच्या चुका इतरांच्या मानाने सुमारे सहापट कमी होत्या. हा पुरावा शस्त्रक्रियेपुरता आहे, हे मात्र विसरता कामा नये. हृदय बंद पडले असता मिनिटाला १०० ते १२० या गतीने प्रौढाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबावी लागते. त्या दाबास छातीचा जो प्रतिकार होतो तो हवेत हात हलवून कळत नाही, त्यासाठी पुतळाच हवा. हेडसेटने काहींना मळमळते, आणि ज्याची तजवीज रचनाकाराने केली नाही असा हुकूम आभासी परिचारिकेला समजत नाही. आभास शिकवितो तो निर्णय, क्रम आणि मनाचे स्थैर्य. आणि प्रसंग संपल्यावर अनुभवी शिक्षकाने शेजारी बसून कोठे व का चुकले याची शांतपणे उकल केल्याविना तेही शिक्षण पुरे होत नाही.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली आहे; तेथे या साधनास रास्त स्थान आहे. परंतु परदेशी प्रसंग जसेच्या तसे आणून आपले काम भागणार नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला तो कोकणातला लाल विंचू, दंशानंतरचा दरदरून फुटणारा घाम व गार पडलेले हातपाय, शेतातील कीटकनाशकाची विषबाधा, नागदंश, प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव, हे आपले प्रसंग आहेत. ते आपल्याच डॉक्टरांनी रचावेत, आणि त्यांतील नातलगाने मराठीत टाहो फोडावा. महाविद्यालयांनी हेडसेट खरेदी करून त्यांची केवळ दप्तरी नोंद करण्यापेक्षा आधी शिक्षक तयार करावेत, आणि परिचारिका व रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांनाही या तालमीत बरोबरीचे स्थान द्यावे. उमेदवाराची पहिली चूक जिवंत रोग्याच्या देहावर घडू नये, एवढा एकच दंडक प्रत्येक शिक्षणसंस्थेने हयगय न करता पाळावा.