रकाना आणि विश्वास : आंतरराष्ट्रीय बँकसंदेशांच्या प्रमाणीकरणाचा विचार

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे गाव होय. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरी चिखली आहे. गुजरातेत नवसारी जिल्ह्यात आणखी एक. रोमन लिपीत हे नाव लिहिताना ‘ख’ नंतरचा स्वर कोणी लिहितो, कोणी गाळतो. पोस्टमन पिनकोड व परिचय यांच्या आधारे हा घोळ निस्तरतो. परंतु जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने चिखलीतील आईच्या खात्यावर रक्कम पाठविली, तर त्या व्यवहाराचा संदेश वाचणाऱ्या यंत्रांना असा परिचय नसतो. अक्षरे कोणती आणि ती कोणत्या रकान्यात आहेत, एवढेच त्यांना कळते. संदेशाच्या साच्याचे महत्त्व कशात आहे व त्याची मर्यादा कोणती, हे या साध्या उदाहरणावरून समजून घेता येते.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. जर्मनीहून चिखलीपर्यंत पैसा प्रत्यक्ष प्रवास करीत नाही. प्रवास करतो तो संदेश. परकीय चलनाचा परवाना असलेल्या मुंबईच्या बँकेचे युरोपातील एखाद्या बँकेत खाते असते. त्यास नॉस्ट्रो खाते म्हणतात. त्या खात्यात युरो जमा होतात आणि तसा संदेश मिळाल्यावर मुंबईची बँक चिखलीच्या खात्याकडे रुपये पाठविते. साखळीतील प्रत्येक बँक आपल्या हातातील संदेशावर विसंबून पुस्तकात नोंद करते. यास्तव संदेशाचा अर्थ सर्वांनी एकच लावणे, ही या व्यवहाराची पहिली अट ठरते.

ही अट आपल्याकडील सराफांना नवी नव्हती. हुंडीचा मजकूर ठराविक क्रमाने लिहिला जाई. ती दर्शनी की मुदती, शहाजोग की अन्य प्रकारची, हे ठरलेल्या शब्दांनीच सांगितले जाई. रक्कम लिहून पुढे तिची निमपट देऊन ‘याची दुप्पट’ असे लिहिण्याचा प्रघात होता. त्यामुळे एका आकड्यात केलेली खाडाखोड दुसऱ्या आकड्याशी जुळत नसे. साचा हा अर्थनिश्चितीचे व लबाडीपासून रक्षणाचे साधन आहे, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकात बँकांचे आंतरराष्ट्रीय संदेश टेलेक्सने जात. त्यांतील मजकूर मोकळ्या वाक्यांत असे आणि सत्यता पटविण्यासाठी सांकेतिक अंक हाताने पडताळावे लागत. ही अडचण दूर करण्यासाठी १५ देशांतील २३९ बँकांनी १९७३ साली बेल्जियममध्ये ‘स्विफ्ट’ ही सहकारी संस्था स्थापन केली. १९७७ मध्ये तिचे संदेशवहन सुरू झाले. ही संस्था ठेवी ठेवीत नाही व पैसा हलवीत नाही; ती संदेश वाहते आणि त्यांचे नमुने ठरविते.

ग्राहकाची रक्कम पाठविण्याचा तिचा रूढ नमुना म्हणजे ‘एमटी १०३’. त्यातील प्रत्येक रकान्यास क्रमांक आहे. २० मध्ये प्रेषक बँकेचा संदर्भांक. ३२-ए मध्ये दिनांक, चलनाची तीन अक्षरे व रक्कम. ५० मध्ये पैसे पाठविणारा. ५९ मध्ये ते घेणारा. ७१-ए मध्ये खर्च कोणी सोसावयाचा याचा निर्देश. दिनांक वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावयाचा आणि दशांशाच्या जागी स्वल्पविरामच द्यावयाचा, असा दंडक असल्याने देशोदेशींच्या लेखनपद्धतींमुळे होणारा घोटाळा टळतो. बँकेची ओळखही आठ किंवा अकरा चिन्हांच्या संकेताने पटते : चार चिन्हे बँकेची, दोन देशाची, दोन स्थळाची आणि इच्छेनुसार तीन शाखेची.

तथापि या शिस्तीत एक मोकळी जागा उरली होती. ५९ व्या रकान्यात खातेक्रमांकाखाली नाव व पत्ता यांसाठी प्रत्येकी ३५ चिन्हांच्या चार ओळी असत. त्यांत कोणता शब्द गावाचा व कोणता रस्त्याचा, हे सांगण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. अशा ओळी जेव्हा निर्बंधसूचीशी ताडून पाहिल्या जातात, तेव्हा नावांच्या निव्वळ साम्यामुळे निरपराध व्यवहार अडकतो. उलटही घडते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेस ३५ बनावट आदेश गेले. त्यांतील पाच पार पडून १० कोटी १० लक्ष डॉलर निघून गेले. उरलेले अडले, त्यास मनिलातील शाखेच्या पत्त्यातील ‘ज्युपिटर’ हा रस्त्याचा शब्द कारण झाला. त्याच नावाची नोंद निर्बंधसूचीत होती. पार पडलेल्या पाचांपैकी श्रीलंकेकडे गेलेले दोन कोटी डॉलर ‘फाउंडेशन’ या शब्दाचे वर्ण चुकल्याने संशय येऊन परत मिळाले. मोठी हानी टळली ती योगायोगाने, योजनेने नव्हे.

‘आयएसओ २००२२’ या प्रमाणाने ही मोकळी जागा बांधून घेतली आहे. त्यात रस्ता, घरक्रमांक, पिनकोड, गाव व देश यांस स्वतंत्र, नामांकित रकाने आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस पद्धतीने हे प्रमाण २०१३ मध्येच स्वीकारले. स्विफ्टच्या जाळ्यात जुने व नवे नमुने मार्च २०२३ पासून बरोबरीने चालले. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी बँकांमधील प्रदान-आदेशांपुरता हा संधिकाळ संपला आणि ‘एमटी १०३’ ची जागा ‘पॅक्स ००८’ ने घेतली. संपूर्ण मोकळा पत्ता बंद करण्यासाठी नोव्हेंबर २०२६ ही मुदत ठरविण्यात आली. गाव व देश हे दोन रकाने तरी स्वतंत्र भरणे त्यानुसार आवश्यक ठरते. गावाच्या रकान्यात चिखली आणि पिनकोडच्या रकान्यात ४४३२०१ असे आले, की ही चिखली बुलढाण्याची, याविषयी यंत्रास शंका उरत नाही.

परंतु साचा निर्दोष असणे आणि मजकूर खरा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी स्विफ्टद्वारा १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर वळविले. त्याच वर्षी उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील प्रकरणात हमीचे संदेश स्विफ्टवरून जात होते, पण बँकेच्या मुख्य संगणकीय हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही ठिकाणी पलीकडच्या बँकेस नमुन्याप्रमाणे योग्य असाच संदेश मिळाला. स्विफ्टचे संदेश व बँकेचा मुख्य हिशेब यांची थेट सांगड घालण्याचा आग्रह रिझर्व्ह बँकेने त्यानंतर धरला, तो याच कारणाने.

तात्पर्य, प्रमाणित नमुना ‘काय सांगितले’ हे निःसंदिग्ध करतो. ‘सांगण्याचा अधिकार होता काय’ हे प्रेषक बँकेच्या वहीवरूनच ठरते. हुंडीतील निमपट रक्कम खाडाखोड उघड करी, पण खोट्या पेढीची हुंडी ओळखण्यास सराफाला पेढीचीच माहिती लागे. चिखलीच्या आईचे पैसे वेळेवर व बिनचूक पोचावयाचे, तर रकाने नीट भरलेले हवेत आणि त्यांमागील वहीही खरी हवी.