किल्ला सरकारचा, गढी वतनदाराची

परांडे परगण्यातील भुईकोट, ज्यातून मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापुरास गेली, तो सरकारचा. परंतु रयतेकडून वसूल घेणाऱ्या देशमुख-पाटलांचे खरे सामर्थ्य मराठवाड्यात गढीत नांदत असे. उंचवट्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, आत चौसोपी वाडा आणि धान्याची पेवे, असे ते अर्धे घर, अर्धे ठाणे. मध्ययुगीन फ्रान्समधील ग्रामीण सरदारांची तटबंद घरे राहणे आणि रक्षण या अशाच दुहेरी गरजेतून उभी राहिली. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा, जिजाबाईंचे जन्मस्थान, गढ्यांच्याच जातीचा, किंबहुना अधिक राजस. लखुजी मात्र १६२९ मध्ये मारले गेले ते आपल्या या वाड्यात नव्हे, तर सरकारच्या घरी, दौलताबादेस निजामशाही दरबारात.