महामारीकालीन विमानप्रवेशाचे नियम आणि उत्तरकार्याचे दिवस : हरिहरेश्वरच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. तेथे पिंडदानासाठी दूरदूरहून लोक येतात. याच किनारपट्टीतील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यामुळे कोविड-१९ च्या काळातील प्रवेशनियम आणि मृत्यूनंतरच्या विधींचे दिवस यांचा परस्परसंबंध येथे विशेष तपासण्यासारखा ठरतो.

भारतात येणारी नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात ७ मे २०२० पासूनची वंदे भारत मोहीम व पुढे काही देशांशी झालेले 'एअर बबल' करार हेच प्रमुख मार्ग होते. २४ मे २०२० च्या केंद्रीय सूचनांनुसार येणाऱ्यास १४ दिवसांचे विलगीकरण बंधनकारक होते. त्यातील पहिले ७ दिवस स्वखर्चाने संस्थेत, उरलेले ७ घरी. कुटुंबातील मृत्यू, गर्भारपण, गंभीर आजार अशा कारणांसाठी सवलत होती. मात्र ती विलगीकरणातून नव्हे, केवळ संस्थेतून सुटण्याची होती. चौदाही दिवस घरातच काढावयाचे होते. दशक्रिया दहाव्या दिवशी. म्हणजे मृत्यूच्याच दिवशी विमान मिळाले, तरी मुलगा घरापर्यंत पोहोचे, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यापर्यंत नव्हे. सवलत देणाऱ्यांच्या हे गणित ध्यानी आले असावे, असे वाटत नाही. मुस्लिम कुटुंबांत दफन शक्यतो त्याच दिवशी होत असल्याने तेथे तर अंत्यदर्शनाचाही प्रश्न उरत नसे.

८ ऑगस्ट २०२० पासून सवलतीचा अर्ज प्रवासापूर्वी किमान ७२ तास ऑनलाइन करणे आवश्यक झाले. मृत्यू मात्र तीन दिवसांची पूर्वसूचना देत नाही. डिसेंबर २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यावर, महाराष्ट्र शासनाने युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांसाठी १४ दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण लागू केले. आखातातून येणाऱ्याला केंद्राच्या नियमापेक्षा राज्याचा नियम अधिक जाचक ठरला तो येथे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय सूचनांत आरटी-पीसीआर अहवाल सर्वांना अनिवार्य झाला. अहवालाविना येण्याची मुभा केवळ कुटुंबातील मृत्यूसाठी राहिली व नमुना विमानतळावर घेतला जाऊ लागला.

देशांतरी असलेल्या पुत्राचा विचार धर्मशास्त्राने पूर्वीच केलेला आहे. आईवडिलांच्या निधनाची वार्ता उशिरा कळल्यास त्याचे दहा दिवसांचे अशौच वार्ता कळल्यापासून मोजले जाते. परंतु ही तरतूद वार्ता उशिरा पोहोचण्याच्या काळातील आहे. २०२० मध्ये वार्ता भ्रमणध्वनीवर तत्क्षणी पोहोचत होती. पोहोचत नव्हता तो पुत्र.