‘यलो’चा रंग उडाला का?

एकेकाळी हेडफोन लावून एकट्यानं ऐकायचा बँड म्हणजे कोल्डप्ले. आता तोच लाखाचं स्टेडियम नाचवतो. ‘मून म्युझिक’वरून एका सदाशिवपेठी घरात झालेल्या भांडणाची ही गोष्ट!

आमच्या घरात ‘बाजारू’ ही शिवी आहे. बाकीच्या शिव्यांना आई कानावर हात ठेवते, पण ही शिवी बाबा राजरोस देतात. जन्म सदाशिव पेठेतला, कॉलेजात असल्यापासून सवाई गंधर्वची वारी. टीव्हीवर गाण्याचा रिअॅलिटी शो लागला, की बाबा एवढंच म्हणणार, ‘बाजारू!’, आणि पेपरात डोकं खुपसणार. दादानं बाबांकडून गाणं नाही उचललं, हा शब्द मात्र बरोब्बर उचलला. गेली काही वर्षं तो हा शब्द कोल्डप्लेसाठी वापरतो.

गंमत म्हणजे मला कोल्डप्ले दिला तो दादानंच. तो इंजिनीअरिंगला होता, मी शाळेत. एमपीथ्रीच्या सीडीवर मार्करनं ‘पॅराशूट्स’ लिहिलेलं, एक इअरफोन त्याच्या कानात, दुसरा माझ्या. ‘यलो’ वाजवायला गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या ट्यून कराव्या लागतात, हे शोधून काढण्यात त्याची आख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती. खालच्या मजल्यावरचे काका ‘दुपारी एक ते चार वाजवायचं नाही’ हे सांगायला नियमानं वर यायचे. मग कॉलेजचा बँड आला, मग कॅम्पस इंटरव्ह्यू, हिंजवडी, बाणेरला फ्लॅट. गिटार आमच्या माळ्यावरच राहिली.

आठी कधी पडली?

तर मुद्दा असा, की कोल्डप्ले एका रात्रीत पॉप झालेला नाही. २००० साली ‘पॅराशूट्स’ आला तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेली ही चार पोरं होती. ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन. कुजबुजल्यासारखा आवाज, दोन सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. २००२ चा ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’, २००८ चा ब्रायन ईनोनं घडवलेला ‘व्हिवा ला विडा’... इथवर दादा एकदम खूश होता. २०११ च्या ‘मायलो झायलोटो’त रिहाना आली आणि त्याच्या कपाळाला पहिली आठी पडली. २०१५ च्या ‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’मध्ये बियॉन्से आली. त्यातल्या ‘हिम फॉर द वीकेंड’चा व्हिडिओ तर मुंबईतच शूट झाला होता. रंग, साधू, सिंगल स्क्रीन थिएटर, सगळा मालमसाला! १९ नोव्हेंबर २०१६ ला बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर ते प्रत्यक्ष आले, तेव्हा दादा गेलाच नाही.

मग आला मॅक्स मार्टिन. हा स्वीडिश माणूस नावानं माहीत नसेल, पण कानानं तुम्ही त्याला पक्कं ओळखता. ब्रिटनी स्पिअर्सचं ‘बेबी वन मोअर टाइम’ आणि बॅकस्ट्रीट बॉइजचं ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ यांच्यामागे तोच. त्याचा फंडा क्लिअर आहे. आधी सुरावट कानात बसली पाहिजे. शब्द तिच्या मापानं कापायचे, कोरस लवकर आणायचा. २०२१ च्या ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’मध्ये तो कोल्डप्लेच्या गाडीत बसला, आणि ४ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या ‘मून म्युझिक’मध्येही तो आहेच.

मसालेभात आणि मौन

अल्बम आला त्याच्या रविवारी दादा जेवायला घरी होता. मी इअरफोन पुढे केला, अगदी पूर्वीसारखा. अर्ध्यात त्यानं तो काढून ठेवला. ‘विकले गेले,’ म्हणाला.

मी भडकले. त्याआधी दोनच आठवडे, २२ सप्टेंबरला, नवी मुंबईच्या तिकिटांसाठी मी फोन, लॅपटॉप आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर असे तिन्ही लावून बसले होते. माझा नंबर लाखांमध्ये, तिकीट शून्य! तो राग होताच. तोंडून निघून गेलं, ‘आणि तू रे दादा? तुझा बँड कुठंय? तू नाही विकला गेलास?’

आईनं घाईघाईनं मसालेभात वाढला. दादा चहा न घेता गेला. पुढचे तीन महिने आमचं बोलणं फक्त आईचा गुडघा आणि त्याचा ईएमआय यावर. गाण्यावर एक अक्षर नाही.

खरं सांगू? तो प्रश्न मलाही लागू होताच की! पेठेतल्या पडत चाललेल्या वाड्यांवरचा मोठा लेख दोन वर्षं लॅपटॉपमधल्या एका फोल्डरमध्ये पडून आहे. छापून आलंय काय, तर ‘ब्रंचसाठी दहा हटके जागा’. घरभाडं नाही माझ्याकडे, पण बाकीची बिलं कोण भरणार? तुमच्याही माळ्यावर काहीतरी पडलेलं असेलच. नाटक, कॅमेरा, कवितांची वही. स्वतःला जमलं नाही ते आपण आपल्या आवडत्या बँडकडून मात्र वसूल करायला बघतो. तू तरी बदलू नकोस, बाबा!

मग अल्बम कसा आहे?

मी तो त्या तीन महिन्यांत बरेचदा ऐकला. दहा गाणी. ‘गुड फीलिंग्ज’ मस्त ठेका धरायला लावतं. ‘वी प्रे’मध्ये लिटल सिम्झ, बर्ना बॉय, एलियाना आणि टिनी अशी जगभरची मंडळी आहेत, पण गर्दी वाटत नाही. ‘ऑल माय लव्ह’ साधं पियानोचं गाणं आहे, आणि सरळ आत जातं. एका ट्रॅकचं नाव म्हणजे चक्क इंद्रधनुष्याचा इमोजी. नाव असं पोरकट, पण तोच सहा मिनिटांचा तुकडा सगळ्यात कमी बाजारू!

खटकलं ते वेगळंच. काही ठिकाणी शब्द ग्रीटिंग कार्डासारखे आहेत. प्रेम, जग, प्रकाश, पुन्हा प्रेम. पूर्वीचा ख्रिस मार्टिन अडखळायचा, शंका घ्यायचा. आता त्याला सगळ्याची उत्तरं माहीत आहेत. पण हा दोष पॉपचा नाही, आळसाचा आहे. आळस बेसमेंटमधल्या बँडलाही लागतो.

सव्वीस जानेवारी

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला शो झाले. ख्रिस मार्टिन चक्क मराठीत बोलला, बुमराहवरून गमती केल्या. तो सगळा आनंद मी मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत घेतला. २६ तारखेचा अहमदाबादचा शो मात्र हॉटस्टारवर लाइव्ह होता. मी दादाला मेसेज केला, ‘येतोस? आई बटाटेवडे करतेय.’ तो वड्यांसाठी आला, असं त्याचं म्हणणं.

वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणारा एमपीएससीचा मुलगाही आला. मूळचा परभणीचा. चेनस्मोकर्सबरोबरच्या ‘समथिंग जस्ट लाइक धिस’मुळे त्याला कोल्डप्ले कळला. म्हणजे दादाच्या लेखी पक्का बाजारू रस्ता. पण ‘द सायंटिस्ट’ सुरू झालं आणि पोरगं डोळे मिटून पहिल्या शब्दापासून म्हणायला लागलं.

‘हे तुला कसं माहीत?’ दादा.

‘मागं मागं जात गेलो ना दादा. प्रीलिम नापास झालो तेव्हा हेच ऐकत होतो.’

दादा काही बोलला नाही. स्क्रीनवर एक लाखाहून जास्त मनगटांवरचे बँड एकदम पिवळे झाले आणि ‘यलो’ सुरू झालं. दादाची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

बाबा इतका वेळ पेपरात. अचानक म्हणाले, ‘भीमसेनजी संतवाणीचे कार्यक्रम करायला लागले तेव्हा तुमचे आजोबा चिडले होते. म्हणाले, ख्याल सोडून हे काय? आणि पुढे शेवटच्या आजारपणात त्यांनी ऐकलं काय, तर तेच अभंग.’ मग परत पेपर.

निघताना दादानं माळ्याकडे बघितलं. ‘तारा गंजल्या असतील ना?’

‘असणारच.’

पुढच्या रविवारी तो तारांचं नवं पाकीट घेऊन आला. मला वाटलं, ‘यलो’ वाजवणार. त्यानं काढलं ‘मून म्युझिक’मधलं ‘फील्स लाइक आय अॅम फॉलिंग इन लव्ह’.

‘बाजारू आहे,’ तो म्हणाला. ‘पण बोटं सुटायला बरं आहे.’

दुसऱ्या कोरसला दारावरची बेल वाजली. खालचे काका! घड्याळात सव्वादोन वाजले होते.