बर्फावर कोणती विजार घालाल?

नवी मुंबईत ऐन हिवाळ्यातही पारा १५° सें.च्या खाली क्वचितच उतरतो. त्यामुळे गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंगला स्कीइंग शिकायला निघालेला आपल्याकडचा मुलगा सहज जाड जीन्स बॅगेत टाकतो. जाड कापड म्हणजे उबदार, असा त्याचा समज असतो. बर्फावर मात्र हीच जीन्स धोक्याची ठरते. असे का बरे?

कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता शरीराची, ती रोखून धरते धाग्यांत अडकलेली स्थिर हवा, कारण हवा उष्णतेची मंदवाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट असते. सुती कापड घाम आणि वितळलेले बर्फ शोषून घेते व हवेची जागा पाणी घेते. शिवाय एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेते, तीही बरीचशी आपल्या अंगातून! शरीराचे आतले तापमान ३५° सें.च्या खाली गेले, तर जिवावर बेतू शकते.

म्हणून तीन थर घालावेत. अंगालगत लोकरीची किंवा पॉलिएस्टरची तंग विजार. ती घाम त्वचेपासून दूर नेते. त्यावर हवा धरून ठेवणारी फ्लीसची विजार. थंडी कमी असेल तर ही वगळावी. सर्वांत वर वारा व पाणी अडवणारी सैल विजार. ती तंग असली, तर आतली हवा दाबली जाऊन ऊब घटते.

पाणी अडवायचे, पण घामाची वाफ बाहेर सोडायची, हे कसे साधते? १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी तापवलेले टेफ्लॉन झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ मिळवला. त्याच्या पातळ पडद्यातून वाफेचे रेणू जातात, पाण्याचा थेंब जात नाही.

विजारीच्या चिठ्ठीवर '१०,००० मि.मी.' असा आकडा दिसतो. म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसते. एवढा दाब कशाला? ५० किलोग्रॅमच्या मुलाचे वजन ४९० न्यूटन. तो ओल्या बर्फावर बसला आणि टेकलेले क्षेत्रफळ ५०० चौ.सें.मी. धरले, तर दाब १ मीटर स्तंभाइतका होतो. सारा भार गुडघ्यांच्या ५० चौ.सें.मी.वर आला, तर दाब दसपट, म्हणजे थेट १० मीटर! स्नोबोर्ड शिकणारा वारंवार बसतो, गुडघ्यांवर पडतो. तेव्हा त्याने हा आकडा अवश्य पाहावा.

घरी करून पाहा : दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीवर कोरडा, दुसरीवर ओला सुती मोजा चढवा आणि पंख्याखाली ठेवा. २० मिनिटांनी तापमापीने दोन्ही तापमाने मोजा. जीन्स घरी का ठेवायची, ते आकडेच सांगतील.